कसरीचा पहिला दिवस

आमच्या तक्त्याला चार खाने होते. खरा होकार, खोटा होकार, खोटा नकार, खरा नकार. माणसाच्या नाकात दोन काड्या फिरवायच्या. एक काडी पंधरा मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्टीसाठी. दुसरी गोठवून ठेवायची, मोठ्या यंत्रासाठी. पट्टी काय म्हणाली आणि यंत्र काय म्हणाले, हे शेजारी शेजारी मांडले की माणूस आपोआप कोणत्या तरी एका खान्यात जाऊन बसे. यंत्राचा शब्द अखेरचा. पट्टी 'नाही' म्हणाली आणि यंत्र 'आहे' म्हणाले, तर तो खोटा नकार. तिसरा खाना.

माझे वडील तिसऱ्या खान्यात होते.

भंडाऱ्यातल्या एका प्रयोगशाळेत मी कंत्राटावर तंत्रज्ञ आहे. इन्फ्लुएन्झा आणि कोरोना दोन्ही ओळखणारी एक नवी पट्टी आली होती आणि ती गावोगावच्या उपकेंद्रांत पाठवण्याजोगी आहे की नाही, हे आम्ही ठरवायचे होते. अट साधी होती. यंत्राने बाधित ठरवलेल्या शंभरांपैकी निदान ऐंशी जण पट्टीने ओळखले पाहिजेत. मात्र मोजायचे ते आजाराच्या पहिल्या पाच दिवसांतले रुग्णच. पुढे नाकातला विषाणू विरळ होत जातो आणि इतक्या विरळ विषाणूची हमी पट्टी देत नाही; तसे तिच्या वेष्टनावरच छापलेले असते.

जुलैपासून आम्ही नमुने गोळा केले. सप्टेंबरात कारध्याला शिबिर झाले, म्हणजे माझ्याच गावी; नोकरी नदीच्या पुलाच्या अलीकडे भंडाऱ्यात, घर पलीकडे. बाबा त्या दिवशी डोंगा काठाला लावून थेट उपकेंद्राच्या ओसरीवर आले. केवळराम, वय एकसष्ट, व्यवसाय मासेमारी. मी हातमोजे घालून बसले होते. आपल्या वडिलांचे नाक आपण कधी इतक्या जवळून पाहत नाही. काडी आत गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते हसले. दोनशे सतरा क्रमांक.

पंधरा मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ होती. तिचे उत्तर सहभागी माणसाला सांगायचे नाही, असा नियम होता. जिची अजून परीक्षा चालली आहे, तिच्या शब्दावर कोणी विसंबू नये म्हणून. मी सांगितले. "काही नाही बाबा, साधी सर्दी आहे," एवढेच शब्द. बाबा मान हलवून नदीकडे गेले आणि पुढचे चार दिवस कमरेइतक्या पाण्यात जात राहिले. पाचव्या दिवशी त्यांना दम लागला. बाराव्या दिवशी ते दवाखान्यात वारले.

तेरवीच्या पंगतीत माझा भाऊ हेमराज सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "घरात डॉक्टरीन होती. इनंच सांगतलं काई नाई म्हून." मी डॉक्टर नाही, हे कोणी त्याला सांगितले नाही. त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. मी समोर बसलेली असताना आईला म्हणे, तिले सांग मीठ दे. आई मीठ स्वतःच उचलून देई.

मला रडू आले नाही. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटांची कातडी पांढरी पडते आणि ती बोटे दुसऱ्याच कोणाची तरी वाटू लागतात. तसे माझे सगळे शरीर झाले होते. मी रोज पूल ओलांडत होते. खाली धरणामुळे फुगून राहिलेले पाणी असे आणि त्यात आमचा डोंगा असे, हेमराज असे. तो वर पाहत नसे. मी पाहत असे, आणि पाहण्याने काही होत नसे.

नोव्हेंबरात गोठवलेले नमुने बाहेर निघाले. यंत्राने तीन दिवस काम केले. दोनशे सतरासमोर 'इन्फ्लुएन्झा ए, आढळला' असे उमटले. मी घरी गेले आणि आईला सांगितले. हेमराज दारात उभा राहून ऐकत होता. पट्टीने खोटा नकार दिला, असे मी म्हणाले. हेच शब्द. त्याने थेट मला विचारले, "म्हंजे पट्टी लबाड निंगाली का, राखी?"

दोन महिन्यांनी त्याने माझे नाव घेतले होते. मी हो म्हणाले.

तेव्हापासून घर पुन्हा चालू लागले. हेमराज पानठेल्यावर, बाजारात, नदीच्या काठावर त्या पट्टीला शिव्या घाली. बहिणीचा काय दोष, थे पट्टीच चोट्टी होती, असे तो लोकांना सांगे. त्याला एक शत्रू मिळाला होता, आगपेटीएवढा, पांढऱ्या प्लास्टिकचा. मला एक खाना मिळाला होता. त्या खान्यात मी बाबांना ठेवले आणि त्याच्या चार भिंतींत मीही थोडी टेकले.

डिसेंबरात भूपेंद्र सरांनी मला बोलावले. सर आमच्या प्रकल्पाचे प्रमुख; नागपूरचे, मितभाषी, पेन्सिलीने लिहिणारे. त्यांच्यासमोर बेरीज होती. पाच दिवसांच्या आतले एकशे नऊ बाधित. त्यांतले सत्त्याऐंशी पट्टीने ओळखले, बावीस निसटले. एकोणऐंशी पूर्णांक आठ. ऐंशीला थोडेसे कमी.

सरांनी बावीस अर्ज वेगळे काढले होते. ते कोणाला पास करायला निघालेले नव्हते; त्यांना एक आकडा खुपत होता. यंत्र विषाणूची प्रत दुप्पट, पुन्हा दुप्पट करत जाते आणि जितक्या फेऱ्यांनंतर विषाणू दिसतो तितका तो मुळात विरळ. दोनशे सतरामध्ये तो चौतिसाव्या फेरीला दिसला होता. अर्जावर मात्र लिहिले होते, लक्षणांचा दिवस पहिला. माझ्या अक्षरात.

"पहिल्या दिवशी नाक विषाणूनं भरलेलं असतं," सर म्हणाले. "हा इतका विरळ कसा? हे काय विचारून लिहिलं होतं, आठवतं का?"

दोनशे सतरा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. अर्जावर फक्त क्रमांक असतो. मी म्हणाले, तपासून सांगते.

तपासण्यासारखे काही नव्हते. मला सगळे आठवत होते. मी अर्जातल्याच भाषेत विचारले होते, ताप कधीपासून आहे? आणि बाबा म्हणाले होते, "ताप तं कालपासून. त्याच्या अगोदर नुसती कसर होती, आठ रोज. जाळं वढलं का आंग मोडून ये." मी दिवसाच्या रकान्यात 'एक' लिहिले. अर्जात तापासाठी जागा होती, खोकल्यासाठी होती, श्वासासाठी होती. बाबांचा खोकला बिडीचा, वर्षानुवर्षांचा. तो कोणी मोजत नव्हते. आणि कसरीला रकाना नव्हता.

आमच्याकडे कसर म्हणजे आजार नव्हे. ताप आला की माणूस आडवा होतो. कसर असलेला माणूस पाण्यात उतरतो, भाताच्या रोवणीला जातो, बाजाराला जातो. अंगात काहीतरी उणे आहे, पण ते उणे अजून कामाच्या आड आलेले नाही, असा तो शब्द. मी त्याच शब्दांत वाढले. तरी हातमोजे चढवल्यावर तो मला ऐकू आला नाही. किंवा ऐकू आला, आणि लिहिण्याजोगा वाटला नाही.

कसर धरली तर बाबांचा तो नववा दिवस होता. मग ते तक्त्यात बसतच नव्हते. पट्टी चुकली नव्हती. जे तिने कधी कबूलच केले नव्हते ते मी तिला विचारले होते, आणि तिचे उत्तर घेऊन वडिलांना नदीत पाठवले होते. चूक एकच होती, ती फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाणार होती. मी गप्प राहिले असते तर ती पट्टीच्या हातात राहिली असती, आणि घरात मीठ मागताना माझे नाव घेतले गेले असते.

चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी सरांकडे जाऊन अर्धे खरे बोलले. इकडे माणसे ताप आणि कसर वेगळी धरतात, म्हणाले; आम्ही कसर विचारलीच नाही; बऱ्याच अर्जांवरचा दिवस चुकलेला असेल. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग या बावीस जणांना पुन्हा विचारू या, असे ते म्हणाले. मी म्हणाले, फक्त निसटलेल्यांना विचारले तर पट्टीला आपण हात धरून वर ओढल्यासारखे होईल. विचारायचे तर एकशे नऊ जणांना विचारले पाहिजे, आणि विचारणाऱ्याला कोण कोणत्या खान्यात आहे ते कळता कामा नये. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि मान डोलावली. त्यांना वाटले असेल, ही मुलगी काटेकोर आहे. मी वेळ काढत होते.

खाने झाकलेली यादी घेऊन मी फोन करू लागले. ताप यायच्या अगोदर कसर होती का, किती दिवस, असे सरळ आमच्या बोलीत विचारायचे. तीन महिन्यांपूर्वीची कसर कोणाला आठवणार, अशी मला शंका होती. पण लोक कामावरून दिवस सांगत. कोणी म्हणे, निंदनाच्या दिवशी आंग जड होतं, मंग पोळ्याच्या रोजी ताप आला. एक बाई म्हणाली, पोरीले पाहाले पाहुने आले तवापासूनच. लाखनीच्या सुखराम नावाच्या ट्रकवाल्याने गंभीर आवाजात सांगितले, "मॅडम, मले तं लगन झालं तवापासून कसर आहे," आणि मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "त्याईले विचारा का काम सांगतलं का काहून वाढते म्हून." दिघोरीच्या एका म्हाताऱ्याने आधी मलाच विचारले की कसर लिहून घ्यायला सरकारला तीन महिने काहून लागले. मी म्हणाले, विसरलो होतो बाबाजी. तो म्हणाला, हव, हे बरं सांगतलं.

दोन माणसे वारली होती. त्यांच्या घरच्यांनी सांगितले आणि कागदावर सही केली, कारण मृताबद्दल घरातल्या माणसाचा शब्द व सही असा नियम आम्ही ठरवला होता. तिसऱ्या मृताचा अर्ज मी रोज सगळ्यांत खाली सरकवत होते.

एकशे आठ उत्तरे आल्यावर सरांनी खाने उघडले. तेरा जण पाचव्या दिवसाच्या पलीकडे निघाले होते. त्यांतले आठ पट्टीच्या हातून निसटलेले. त्यांना बाजूला केले की पट्टी पंच्याऐंशीच्या वर जात होती. दोनशे सतराला आत धरा की बाहेर, काही फरक पडत नव्हता.

"तो एक कागद सवडीनं आणा," सर म्हणाले. "आता त्याच्यावाचून काही अडत नाही."

बाबांच्या एका ओळीवर जगात काही अवलंबून नव्हते. मी दिवसाच्या रकान्यातला 'एक' तसाच ठेवला असता, तर अहवालात कोणाला दिसले नसते. आई मी दाखवीन तिथे सही करणारी बाई. पुलावरून जाताना मी ठरवले की तसेच करायचे. ठरवल्यावर मला हलके वाटायला हवे होते. काहीच वाटले नाही.

दुपार कलली होती. आई अंगणात विळी पायाखाली धरून मासे साफ करत होती. बाजारात न खपलेले, शिंगूर आणि चार-दोन लहान रोहू. हेमराज भिंतीला टेकून जाळ्याची भोके सांधत होता. मी कागद काढला, पेन काढले. आईने विचारले, कायचा कागद? मी म्हणाले, बाबांचा. सही लागते. तिने हात पदराला पुसला आणि पेन धरले. कुठे, असे विचारले.

जागा दाखवायला मी बोट ठेवले, आणि ते बोट दिवसाच्या रकान्यावर होते. का, ते मला आजही सांगता येत नाही. एकशे आठ वेळा विचारलेला प्रश्न तोंडाला सवयीचा झाला होता, एवढेच.

"माय, बाबाले ताप यायच्या अगोदर कसर होती. कितीक रोज?"

"आठ रोज," आई म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. "पहिले मले होती. सोमवारच्या बजारातून आली तं माहं आंग मोडून रायलं होतं. मंग चवथ्या रोजी त्याले लागली. म्या म्हटलं नोको जाऊ पान्यात. तं म्हने, तू नाई का गेली बजाराले?"

हेमराजची सुई थांबली. तो हुशार आहे. शाळा सुटली म्हणून त्याच्या डोक्यातली जुळवाजुळव सुटलेली नाही. महिनाभर तो लोकांना त्या पट्टीची गोष्ट सांगत होता आणि गोष्टीतला सांधा कुठे उसवतो, ते त्याला लगेच दिसले.

"आठ रोजानं काय फरक पडते?" त्याने मला विचारले.

"पट्टी पाच रोजापर्यंतच चालते, दादा. म्या नवव्या रोजी लावली."

"मंग थे लबाड नोयती."

"नोयती. अन् तिचं उत्तर कोनाले सांगायचं नसते. मनाई होती. तेही म्या सांगतलं."

विळीच्या पात्यावर एक खवला चिकटून वाळत होता. नदीकडून कोणाच्या तरी इंजिनाचा आवाज आला आणि गेला. हेमराजने जाळे मांडीवरून खाली ठेवले, मग पुन्हा उचलून घेतले.

"आता म्या शिव्या कोनाले देऊ?" तो म्हणाला. चिडून नाही. हरवलेली वस्तू कुठे शोधू, असे विचारावे तसे.

"मले दे."

"तुले देऊन झाल्या."

त्याने हे आईकडे पाहत म्हटले, आणि त्यानंतर मला उमगले की तो आईकडे का पाहतो आहे. पहिले मले होती. ते वाक्य अजून अंगणातच होते. आई खाली पाहत होती. पेन तिच्या हातात उघडेच होते.

"माहं नाव आहे का याच्यात?" तिने विचारले.

"नाही, माय. तुह्यी काडी घेतलीच नव्हती. तू बजारात होती."

"घेतली असती तं काय निंगालं असतं?"

मी मनात मोजले. शिबिराच्या दिवशी तिच्या कसरीचा तेरावा दिवस होता. पट्टीवर एक रेघ, यंत्रात कदाचित काहीच नाही. खरा नकार; सगळ्यांत मोठा खाना, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही. हे तिला सांगण्यासारखे होते का? ते खरे होते, आणि ती विचारत होती ते त्याला शिवतही नव्हते. बाबांना कसर लागायच्या चार दिवस अगोदर, घरात फक्त तिलाच ती होती तेव्हा, कोणी तिच्या नाकात काडी घातली असती तर; असे ती विचारत होती. तसे कोणी करत नाही. कसर आहे म्हणून आमच्याकडे कोणी उपकेंद्रावर येत नाही. बाबाही आले ते ताप आल्यावर.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

आईने तेवढे घेतले. तिने मान हलवली नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. तीन महिने ती हे एकटीच मोजत आली होती, हे मला तेव्हा कळले. मीठ उचलून देताना, हेमराज पट्टीला शिव्या देत असताना, मी खोटा नकार म्हणत असताना. तिच्याजवळ पहिल्यापासून पूर्ण तक्ता होता. आम्ही दोघे भावंडे दोषासाठी भांडत होतो आणि तो तिने केव्हाच आपल्या घरी नेऊन ठेवला होता.

मी 'एक' खोडला. त्याच्या शेजारी नऊ लिहिला, खाली माझी आद्याक्षरे आणि तारीख. आकडा खोडून दुसरा लिहिताना तारीख घालायचीच असते. माहिती देणाऱ्याचे मृताशी नाते: पत्नी. कागद आईपुढे धरला. तिच्या बोटांना मासळीची चिकट ओल होती, पेन सारखे घसरत होते आणि समोर अजून निम्मे मासे पडले होते. ती एकदा कागदाकडे पाही, एकदा त्यांच्याकडे.

"ठेव ते," हेमराज म्हणाला. "हात धू. बसून आरामानं कर सही, माय."

ती उठेना, तेव्हा तो स्वतः उठला. तिच्या पायाखालची विळी ओढून त्याने आपल्याकडे घेतली. आईने रांजणाजवळ जाऊन हात धुतले, परत आली, कागद पाटावर ठेवला आणि एकेक अक्षर काढत लिहिले, बायाबाई केवळराम. मी तिच्या शेजारी बसून राहिले. समोर हेमराज मासे साफ करत होता. त्याला ते काम नीट येत नाही. घरात ते कायम आईनेच केलेले. खवले त्याच्या शर्टावर, दाढीत उडत होते, आणि त्याला आईपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला.